सरकलेला पट्टा

“यंत्राच्या आवाजावर विसंबू नका; पोटावरचा पट्टा सरकला की ते बाळाचे सोडून आईचेच ठोके मोजत बसतं,” माझ्या बाळंतपणात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. आज त्याच खाटेवर धाकटी बहीण कळा देत होती. यंत्रातून ठोके खणखणीत उमटत होते. “घोडा दौडतोय नुसता! मावशीवर गेलाय, थांबायचं नाव नाही,” आई म्हणाली. “ताई, हात सोडू नकोस गं,” बहीण कण्हली. मी तिचं मनगट धरलं, बोटांखाली नाडी लागली. यंत्र तिच्याच नाडीबरोबर वाजत होतं. मी ओरडले. नर्सने पट्टा सरकवला. आता बाळाचे ठोके ऐकू येतायत, किल्ली संपत आलेल्या घड्याळासारखे. त्याच्या मेंदूला प्राणवायू कधीपासून कमी पडतोय, कुणास ठाऊक. माझा हात बहिणीच्या मुठीत अडकलाय. हे ऐकणारे तुम्ही दाराशी आहात. डॉक्टरीणबाई येतायत का, बघा ना.