कोरडा हात

आमच्या घराण्यात मुलाचा बाप्तिस्मा करताना त्याचा उजवा हात पाण्याबाहेर धरतात. देवाचा न झालेला हात रक्त सांडताना कचरत नाही. अर्लपद, आमची पिढीजात सरदारकी, अशाच हातांनी इथवर आलंय. माझ्या भावानं, आर्चिबाल्डनं, आमच्या थोरल्या भावाला भोसकूनच ते मिळवलं.

आज त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. बाळाचा उजवा हात कोरडा राहावा म्हणून मी सकाळीच फडक्यात घट्ट गुंडाळला होता. घरी आल्यावर फडकं सोडलं.

मुठीत तांबडे केस होते. मुळाशी कातडी होती, तिच्यावर ओलं रक्त.

"कुणाची दाढी उपटलीस रे, वाघा?" मेजापलीकडून आर्चिबाल्ड हसला.

"दादा, तांबडी दाढी या घरात तुझ्या एकट्याचीच आहे."

तो हसतच राहिला. माझ्या मांडीवर बाळाची मूठ पुन्हा आवळली, आणि मेजापलीकडे आर्चिबाल्डच्या दाढीखालून रक्ताची धार गळपट्ट्यावर उतरली.