उसनी हजेरी

“‘हजर बाई’ म्हणायचं नाही. काय म्हणायचं?”

“प्रेझेंट सर!” अख्खा वर्ग ओरडला. मागच्या बाकावरचा लवू तेवढा ‘हजर बाई’ म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

आजवर मुलं खोटं बोलली की विमलाबाईंचा हात उठायचा. आज नीट खोटं बोलेनात म्हणून उठू पाहत होता.

वर्ग त्यांचा नव्हता. बोरीवलीतल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरची ही नवी कोरी इंग्रजी शाळा. बाकं होती, पंखे होते, संस्थापकांचा हार घातलेला फोटो होता. संस्थापक हयात होते ती गोष्ट वेगळी. फक्त मुलं कमी होती. सरकारी अनुदान हवं तर मुलं दिसायला हवीत, आणि दिसायला मुलं कुठून आणायची ते सेक्रेटरी जयवंतरावांना पक्कं ठाऊक होतं. रस्त्यापलीकडे विमलाबाईंची म्युनिसिपालटीची शाळा होती. तिथे मुलं होती, पंखे नव्हते.

आणि मैदान होतं. तेच तिच्या मुळावर आलं होतं.

वर्षभर त्या मैदानावरून वॉर्डात भांडण पेटलं होतं. सोसायट्यांतले लोक म्हणत, “म्युनिसिपल शाळेत आता जातंय कोण? जागा जयवंतरावांच्या संस्थेला देऊन टाका, चार मुलं तरी चांगली शिकतील.” वस्तीतले म्हणत, “लोकांच्या पैशानं बांधलेली शाळा फी घेणाऱ्यांच्या घशात का घालायची?” नगरसेवक दोन्हीकडे मान डोलवत. शेवटी कमिटीनं ठरवलं, की शाळेत मुलं येताहेत तोवर इमारतीला हात लावायचा नाही.

त्यानंतर आठवड्याभरात जयवंतराव पेढे घेऊन मुख्याध्यापक अंबादास गुरुजींकडे आले.

“झालं गेलं विसरा, गुरुजी. आमचं अनुदान सुटलं की आम्ही दहिसरला जागा घेतो. तुमच्या शाळेकडे ढुंकूनही बघणार नाही. फक्त तपासणीपुरती एक दिवस पोरं द्या. उसनी.”

“पोरं म्हणजे काय वाटीभर साखर आहे?” विमलाबाई म्हणाल्या.

“साखर संपते हो, बाई. पोरं जशीच्या तशी परत मिळतील.” जयवंतराव हसले. “सगळी द्या मात्र. बालवाडीसकट. तुम्ही दोघं पण या, नि तुमचा शिपाई धोंडू घंटेला उभा राहील. शाळा कशी भरल्यासारखी वाटली पाहिजे.”

गुरुजींनी पेढा घेतला. निवृत्तीला आलेल्या माणसाला भांडणापेक्षा पेढा सोपा वाटतो. विमलाबाईंनी घेतला नाही, पण सकाळी फाटकाला कुलूप मात्र त्यांनीच लावलं. शाळा वाचते आहे ना, मग एक दिवस तोंड काळं करू, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पकडलो गेलो तर नोकरी जाणार आणि शाळाही.

आता मुलांच्या गळ्यात संस्थेचे लाल टाय होते आणि जिभेवर नवी नावं. द्रौपदीची दीप्ती झाली होती, लवूचा लव्हेश.

“आले, आले!” धोंडू दारातून कुजबुजला.

जयवंतरावांच्या फियाटमधून सफारी घातलेले जाडजूड साहेब उतरले. वर्गात येऊन त्यांनी आधी पंख्यांकडे पाहिलं, मग मुलांकडे. साहेब नेमके द्रौपदीसमोर थांबले.

“बेटा, तुझं नाव काय?”

द्रौपदीनं साहेबांकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. टाय चाचपला.

“कुठलं?” ती म्हणाली.

विमलाबाईंनी डोळे मिटून घेतले. संपलं. उद्या पेपरात नाव. गावाला काय तोंड दाखवायचं?

“हुशार आहे हं!” साहेब खदखदून हसले आणि पुढे गेले.

अजून हजेरी बाकी होती. लवूचं काय होणार ते देव जाणे. पण साहेबांनी हजेरी घेतलीच नाही. ऑफिसात बसून चहा घेतला, वेफर्स घेतले, जयवंतरावांशी क्रिकेटवर गप्पा मारल्या. मधूनमधून दोघं घड्याळ बघत. मुलांकडून प्रार्थना दोनदा म्हणून घेतली. मग जयवंतराव म्हणाले, “उपाशी नका नेऊ लेकरांना,” आणि बटाटेवडे मागवले. वडे यायला बराच उशीर लागला.

दुपार कलल्यावर सुटका झाली.

“बघा, उगीच घाबरत होता,” गुरुजी वाटेत म्हणाले.

“तुम्ही नव्हता घाबरला?”

“माझी तर धोतरात गाळण उडाली होती!”

विमलाबाई सकाळपासून पहिल्यांदा हसल्या. मुलं रस्ताभर एकमेकांना नव्या नावांनी हाका मारत, “प्रेझेंट सर” म्हणत उड्या मारत होती. शाळा वाचली होती.

फाटकाशी बोरं विकणारी सरूबाई टोपली आवरत होती.

“बाई, कुठं होता? म्युनिसिपालटीची जीप येऊन गेली ना! तीन साहेब होते. कुलूप बघितलं, खिडक्यांतून वाकून बघितलं, मैदानाला फेरी मारली.”

विमलाबाई पुढे झाल्या. “काही विचारलं?”

“मलाच विचारलं. आजी, ह्या शाळेतली मुलं कुठं गेली?”

“मग? तू काय सांगितलंस?”

“मी कशाला खोटं बोलू?” सरूबाईनं टोपली डोक्यावर घेतली. “म्हटलं, सगळी त्या इंग्रजी शाळेत गेली. एक पण उरलं नाय. मास्तर पण तिकडंच गेले.”