‘जातो’ म्हणून गेलेला

बंगालमधल्या गार्डन रीचच्या सरकारी विश्रामगृहात कालिंदीताई आपल्या सरकारतर्फे बोलणी करताना सकाळपासून हरत होत्या. आपल्या कोळ्यांची होडी हद्द ओलांडून शेजारच्या देशात शिरली होती आणि कोळी तिकडच्या तुरुंगात होते. तिकडून बोलणी करायला आलेल्या हकसाहेबांनी नकाशा, वेळ, वाऱ्याची दिशा, सगळं असं मांडलं होतं की बोट ठेवायला जागा नव्हती.

“सगळं मान्य,” चहाचा कप त्यांच्याकडे सरकवत कालिंदीताई म्हणाल्या. “पण त्या होडीचा तांडेल आहे ना, हरिपद, तो बायकोशी भांडून निघाला. आम्ही मराठी माणसं निघताना ‘येतो’ म्हणतो, तुम्ही बंगालीत ‘आशी’ म्हणता. हा रागाच्या भरात ‘जातो’ म्हणाला. ती बाई त्या एका शब्दाला धरून बसलीये हो, साहेब.”

हकसाहेबांनी कप बाजूला ठेवला. मग त्यांनी सुटकेच्या कागदावर सही केली.

निघताना ते दारात थांबले. “हरिपदशी मी स्वतः बोललोय, मॅडम. त्याचं लग्नच झालेलं नाही.”

कालिंदीताईंनी सही झालेला कागद घाईने स्वतःकडे ओढला.

“माझं झालंय,” खिशातला फोन काढत ते म्हणाले.