मुक्कामाची जागा

फार वर्षांपूर्वी काही स्पॅनिश प्रवाशांनी आखातातल्या त्या वाळवंटात एका रात्रीपुरता तळ ठोकला होता. त्यांच्या स्मारकाचा दगड बसवताना सोमनाथ उन्हानं कोसळला आणि जागीच गेला. घाईघाईनं त्याला गाडीत घालून जबल अलीच्या कामगार कॅम्पात नेलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सोबतच्या भिवानं स्मारकापाशी एक खडा उचलला.

"काय घेतलंस रे?" कुडाळकर इंजिनिअरनं हटकलं.

"जीवखडा, साहेब. सोमनाथच्या दहाव्याला गावी पाठवतो. जीव इथं गेला, खडाही इथलाच पाहिजे."

"ठेव खाली! हिस्टॉरिकल साइट आहे, इथला दगडसुद्धा हलवायचा नाही."

भिवानं खडा ठेवला.

"आणि नीट ऐक. सोमनाथ कॅम्पात झोपेत गेलाय. खडा हवा तर तिथला घे."