धाकटीची दुरुस्ती

बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर थोरलीनेच विंडोजऐवजी हलकंसं लिनक्स टाकून दिलं होतं. तिचा व्यवसायच तो. पण अपडेटनंतर आवाज गेला, प्रिंटर रुसून बसला, की बाबा फोन करायचे धाकटीला. जिला सॉफ्टवेअरचं पॅकेज कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. थोरलीच्या पोटात दुखायचं, पण बोलणार कुणाला?

बाबा गेल्यावर दोघी त्यांची खोली आवरायला बसल्या. लॅपटॉप पुन्हा मुका झाला होता. थोरलीने आवाजाचं अर्धवट बसलेलं पॅकेज काढलं, नव्याने बसवलं आणि बाबांचं आवडतं गाणं खोलीत वाजू लागलं.

"बघ, एवढंच होतं!" इतकी वर्षं गिळलेलं शेवटी तिच्या तोंडून निघालंच. "घरात डॉक्टर असताना रोग्याने शेजारणीला औषध विचारावं, तशातली गत. मला का नाही गं बोलवायचे?"

धाकटीने गाण्याचा आवाज कमी केला.



"मीही त्यांना हेच विचारलं होतं, ताई. म्हणाले, 'ती आली की चुटकीसरशी दुरुस्त करते आणि निघते. तुला अख्खी दुपार लागते.'"