जळका बोर्ड

“दिवा लागतोय, पण संगणक बोर्डला ओळखत नाही. जाळलास तू,” म्हणत सरांनी परवा एका मुलीला भर वर्गात फैलावर घेतलं होतं. आज तिने भरपाई म्हणून तसाच नवा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे संगणकाला जोडून चालवायची छोटी सर्किटची पाटी, आणून टेबलावर ठेवला. सरांनी परवाच्याच वायरीने तो संगणकाला जोडला. दिवा लागला, संगणक ढिम्मच. वायरीवर नजर जाताच सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती त्यांच्याच दाढीच्या मशीनच्या चार्जिंगची होती, घरून आणलेली. तसल्या वायरीतून नुसती वीज जाते, माहिती जात नाही, हे पहिल्याच तासाला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी कपाटातली माहिती नेणारी वायर काढून जुना, ‘जळका’ बोर्ड जोडला. संगणकाने तो लगेच ओळखला. अख्खा वर्ग बघत होता. कबूल करायला सरांची जीभ रेटेना. तिची मान खालीच होती. “सर,” ती पुटपुटली, “नवाही माझ्याच हातून जळला का?”