रिकामी डबी

"आता ही तू सांभाळ," म्हणत मधुसूदनरावांनी तपकिरीची शिसवी डबी दिवाकरच्या हातात ठेवली आणि ते बांधलेल्या वळकटीवर पुन्हा बसले. सामान बांधून बांधून सगळं घर थकलं होतं.

दाराशी ऑटो उभा होता. दिवाकरला पुण्यात नोकरी लागली होती आणि सगळ्यांनीच झाशी सोडायचं ठरलं होतं. आईवडिलांना त्याने विचारलं होतं. बायकोला, म्हणजे कांचनला, नुसतं कळवलं होतं. सदर बाजारातल्या शाळेत तिने काल राजीनामा दिला, आणि तेव्हापासून ती बोललेली नव्हती.

"बापाकडून मुलाकडे येत आलेली वस्तू आहे," मधुसूदनराव म्हणाले. "मूळ पुरुष इकडे आले तेव्हा कमरेला हीच होती. पुढे तपकीर कुणी ओढली नाही. रिकामी डबी तेवढी राहिली." मग जरा दम खाऊन, "आणि आपण राहिलो. आजोबा वाईला परत निघाले, उंबऱ्यावर आजी शिंकली. स्वातंत्र्यानंतर वडील निघाले, आई शिंकली. माझी नागपूरची बदली तुझ्या आईच्या शिंकेपायी गेली. आपल्या घरातल्या बायकांना झाशीची धूळ कधी मानवलीच नाही रे."

"बाबा, गाडीची वेळ झाली," दिवाकर म्हणाला.

"आण ती इकडे," अनुसूयाबाईंनी मुलाच्या हातून डबी घेतली. "पुसून देते. पुण्याला काय अशी मळकी नेणार?" आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे कांचन वाटेसाठी पुऱ्या बांधत होती.

दिवाकरने ट्रंक उचलली. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. आतून कांचन शिंकली. मग पुन्हा शिंकली.

ऑटोवाल्याने आपणहून इंजिन बंद केलं. "अब तो बैठ जाओ, भैया. छींक हो गई."

दिवाकरचा शकुनावर विश्वास नव्हता. पण पाय त्याने आत घेतला. घराण्याच्या सवयीला विश्वास लागत नाही. मधुसूदनरावांनी तोवर बूट काढलेही होते.

"पुण्याला तार कर," ते म्हणाले. "जमत नाही म्हणावं." आठवड्यात प्रथमच त्यांनी पाय लांब केले.

स्वयंपाकघरात कांचनचे डोळे वाहत होते. अनुसूयाबाईंनी डबीचं झाकण लावलं, पदराने तिचं नाक पुसलं आणि डबी तिच्याच मुठीत दिली.

"उद्या शाळेत जा, राजीनामा परत माग," त्या हळूच म्हणाल्या. "ताजी तपकीर सीपरी बाजारात मिळते. पण चिमूट लहान घ्यावी, असं माझ्या सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं."